भयाचा आभास आणि हास्याचा आस्वाद : सणावारी भयपटांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

भयपट पाहताना प्रेक्षक घाबरला तर चित्रपट साधला आणि तो हसला तर चित्रपट फसला, असा एक सोपा हिशेब समीक्षेत रूढ आहे. या हिशेबात न बसणारा एक प्रेक्षक मात्र सर्वत्र आढळतो. पडद्यावरच्या पिशाच्चाचा मुखवटा रबराचा आहे, हे त्याला पहिल्याच दृश्यात कळते. वटवाघळाला बांधलेली दोरी त्याला दिसते. पुढच्या क्षणी दार करकरणार, हे तो शेजाऱ्याला आधीच सांगतो आणि दार खरोखर करकरले की दोघेही मनापासून हसतात. चित्रपट संपल्यावर 'अगदीच टाकाऊ होता' असा निर्वाळा तो देतो आणि पुढच्या वर्षी त्याच सणाला, त्याच मित्रांना घेऊन, तोच चित्रपट पुन्हा पाहतो. या प्रेक्षकाला नेमके काय मिळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात अभिरुचीच्या शिक्षणाचा मुद्दा गुंतलेला आहे. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहून वाढलेला विद्यार्थी जेव्हा मराठी विभागाच्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा रस, औचित्य, कलात्मक अंतर या संज्ञा तो शिकतो आणि त्याबरोबर, कोणी न शिकवताही, आपल्या जुन्या आनंदाची लाज बाळगायलाही शिकतो. तो आनंद खोटा होता काय? साहित्यशास्त्राजवळ त्याचे स्पष्टीकरण नसेल तर ते शास्त्राचे उणेपण मानावे लागेल. स्पष्टीकरण असेल तर ते विद्यार्थ्यापर्यंत पोचले पाहिजे.

२. सणाचा दिवस आणि भयाचा खेळ

अमेरिकन चित्रसृष्टीत विशिष्ट सणाला जोडलेल्या भयपटांची एक स्वतंत्र शाखाच आहे. १९७४ मधील 'ब्लॅक ख्रिसमस' आणि १९७८ मधील जॉन कारपेंटर यांचा 'हॅलोविन' हे तिचे दोन ठळक आरंभबिंदू. सण म्हणजे घर उजळलेले, माणसे एकत्र आलेली, मुले हातात खाऊ घेऊन फिरणारी. अशा सुरक्षित प्रहरीच मारेकरी येतो, या विरोधातून त्या चित्रपटांतील भय निर्माण होते. हे दोन्ही चित्रपट आपापल्या परीने बांधेसूद होते. त्यांच्या मागोमाग जी रांग लागली, तिच्यात मात्र कल्पनेची उडी मोठी आणि साधनांची शिडी आखूड, असा प्रकार वारंवार घडला.

१९८२ मधील 'हॅलोविन ३ : सीझन ऑफ द विच' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. टॉमी ली वॉलेस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एक मुखवटे बनविणारा कारखानदार इंग्लंडमधील स्टोनहेंज येथील प्राचीन शिळा चोरून आणतो, तिचे कण मुलांच्या मुखवट्यांत बसवितो आणि सणाच्या रात्री दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखवून त्या मुलांचा संहार करण्याचा बेत रचतो. मुखवटा घातलेल्या मुलाच्या डोक्यातून किडे आणि साप बाहेर पडतात. एवढी अवजड शिळा समुद्रापलीकडे कशी आणली, याचे धड उत्तर चित्रपट देत नाही. आधीच्या दोन भागांतील मारेकरी यात नसल्याने त्या वेळी प्रेक्षक नाराज झाले आणि समीक्षकांनीही त्याला झोडपले. पुढे मात्र याच चित्रपटाला निष्ठावंत चाहते लाभले. दोन वर्षांनी आलेल्या 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' या चित्रपटात सांताक्लॉजच्या वेषातील खुनी पाहून पालकांनी निदर्शने केली आणि तो चित्रपटगृहांतून काढून घ्यावा लागला. त्याच्या १९८७ मधील दुसऱ्या भागाने तर पहिल्याच भागातील दृश्ये मोठ्या प्रमाणात पुन्हा जोडून वेळ भरून काढली. हा दुसरा भागही आज चाहते आवडीने, एकत्र बसून, हसत पाहतात.

या आवडीला पाश्चात्त्य समीक्षेत 'कॅम्प' ही संज्ञा मिळाली. सुसान सोन्टॅग यांनी १९६४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात तिची चर्चा करताना एक उपयुक्त भेद केला. एक कॅम्प अजाणता घडते, तर दुसरे जाणूनबुजून घडविले जाते. पहिल्यात कर्ता पूर्ण गंभीर असतो आणि त्याचे गांभीर्यच झेपेनासे होते. दुसऱ्यात कर्ता प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल. परंतु मूळ प्रश्न त्याने पुरता सुटत नाही. न झेपलेले गांभीर्य पाहून चीड न येता आनंद का व्हावा? याचे उत्तर शोधण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्राकडे वळावे लागते.

३. भयानक आणि हास्य : एकाच घरातील दोन रस

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांमुळे होणारा त्रास, ओसाड घर, अरण्य ही त्यांतील काही. मध्यरात्रीच्या कोणत्याही भयपटाचा आरंभ यापेक्षा वेगळा नसतो. त्याच अध्यायात हास्य रसाचे विभाव पाहिले तर तेथेही विकृत वेष, विकृत अलंकार हेच प्रथम भेटतात. म्हणजे जे वाकडे, बेढब, नेहमीच्या मापात न बसणारे, ते भय आणि हास्य या दोहोंचेही भांडवल आहे. रबरी मुखवटा प्रतीती देईल तोवर तो भयानकाचा विभाव असतो. त्याची शिवण दिसली की तोच मुखवटा, काहीही न बदलता, हास्याचा विभाव होतो.

या संक्रमणाची मीमांसा अभिनवगुप्ताने केली आहे. भरताने शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली. अभिनवगुप्ताने तिचा विस्तार करून असे प्रतिपादन केले की, कोणताही रस अनौचित्याने प्रवृत्त झाला म्हणजे त्याचा आभास होतो आणि असा आभास हास्याचे कारण ठरतो. शोकाचा आभास हसवितो, वीराचा आभास हसवितो, तसाच भयाचा आभासही हसवितो. रा. पं. कंगले यांच्या 'रसभावविचार' या ग्रंथामुळे हे विवेचन मराठी वाचकाला सुलभ झाले आहे. मात्र वर्गात रसाभासाची चर्चा बहुधा काव्यदोषांच्या शेजारी होते आणि त्याच्या आस्वाद्यतेकडे दुर्लक्ष होते.

याच संदर्भात अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांतील पहिले विघ्न लक्षात घेण्यासारखे आहे. दाखविलेली गोष्ट संभवनीयच वाटली नाही तर प्रेक्षकाचे मन तीत विसावत नाही, असे ते विघ्न होय. स्टोनहेंजची शिळा आणि दोरीचे वटवाघूळ ही या विघ्नाची ढळढळीत उदाहरणे आहेत. भयानक रसाला ते विघ्नच आहे, यात शंका नाही. परंतु एका रसाच्या वाटेत आडवा पडलेला दगड दुसऱ्या रसाची पायरी होऊ शकतो. भय अडखळते त्या ठिकाणी हास्य पाऊल टाकते. टाकाऊ भयपटाचा चाहता रसहीन वस्तू गोड मानून घेत नाही. त्याला मिळणारा रस अस्सल आहे. पाटीवर लिहिलेला रस मात्र तो नव्हे, एवढेच.

४. तीन शिरे : कीचक, कोहळा आणि सामरी

या विवेचनाची पडताळणी कोल्हापूरच्या भूमीवर चांगली करता येते, कारण चित्रपटातील भयाचा इतिहास येथे फार लवकर सुरू झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे, शिर धडावेगळे होण्याचे दृश्य इतके खरे वाटले की, ते सेन्सॉरच्या कात्रीत सापडले. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या हातांनी, तुटपुंज्या साधनांत, प्रेक्षकाची प्रतीती पूर्णपणे जिंकली होती. येथे भयाचा आभास नव्हता, भयच होते. म्हणून हास्यालाही वाव नव्हता.

दुसरे शिर दरवर्षी याच नगरात छेदले जाते. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली टेकडीवर जाते आणि तेथे दैत्यवधाचे प्रतीक म्हणून कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो. त्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा कोहळा आहे, आणि तरीही त्या क्षणी तो दैत्य असतो. विधीचे पावित्र्य आणि चित्रपटाची करमणूक यांना एका तागडीत तोलण्याचा येथे मुळीच हेतू नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, 'हे खरे नाही' हे जाणणे आणि 'हे खरे आहे' असे मानणे, या दोन क्रिया एकाच मनात, एकाच वेळी, विनासायास चालू शकतात. सणाचा दिवस ही त्या दुहेरी जाणिवेची हक्काची वेळ असते. हॅलोविनच्या रात्री भोपळा कोरून त्याचे भेसूर तोंड दारात ठेवणारी मुलेही याच जाणिवेचा खेळ खेळतात.

घाट उतरून कोकणात गेले की या खेळात हास्य उघडपणे सामील झालेले दिसते. शिमग्यात दारोदार येणारा संकासुर काळ्या पोशाखात, उंच टोकदार टोपी घालून, कमरेला घुंगरू बांधून मुलांच्या मागे धावतो. मुले किंचाळत पळतात आणि लगेच हसत परत फिरतात. दशावतारी नाटकाच्या आरंभी वेद चोरणारा संकासुरही राक्षसच असतो. पण तो मालवणी बोलीत बोलू लागला की सगळा मांडव हसू लागतो. भय आणि हास्य यांच्या सीमेवर उभे असलेले हे पात्र कोणीही 'फसलेला राक्षस' म्हणून नाकारत नाही. उलट तो आला नाही तर सण अपुरा वाटतो.

तिसरे शिर रामसे बंधूंच्या चित्रपटातील आहे. १९७० मधील 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा रामसे कुटुंबाचा चित्रपट चालला नाही. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षकांनी दाद दिली. त्यावरून या बंधूंनी भयपटाची वाट धरली आणि १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' पडद्यावर आला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी नावाच्या सैतानाचे शिर पेटीत बंद आहे आणि धड मंदिरामागे पुरलेले आहे. शिर आणि धड एकत्र आले की अनर्थ होणार, हे पहिल्याच काही मिनिटांत सांगितले जाते. त्यामुळे ती पेटी कोणता मूर्ख उघडणार, एवढाच प्रश्न प्रेक्षकापुढे उरतो. मधूनच जगदीप 'शोले'ची नक्कल घेऊन येतात. लाल-निळे दिवे, जमिनीवरून सरकणारा धूर, ओसाड हवेली ही भरताच्या यादीतील सर्व सामग्री हजर असते. पण ती इतकी ठासून भरलेली असते की, भय आपल्याच ओझ्याखाली वाकते.

कीचकाचे शिर पाहून प्रेक्षक भ्याला आणि सामरीचे शिर पाहून तो निम्मा भ्याला, निम्मा हसला. या दोन प्रतिसादांतील फरकाला प्रेक्षकाची अधोगती म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला प्रतिसाद रसाचा आहे, दुसरा रसाभासाचा. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक प्रामाणिक आहे.

५. जाणूनबुजून केलेला आभास : 'झपाटलेला'

मराठी चित्रपटाने या दुसऱ्या प्रतिसादाचे मर्म ओळखले आणि त्यावरच एक चित्रपट उभा केला. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ मध्ये आला. त्याची मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन भयपटाशी जुळणारी आहे. मरणोन्मुख गुन्हेगार मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो, ही ती कल्पना. अमेरिकन चित्रपटात ती गांभीर्याने मांडली गेली होती. मराठीत ती आली तेव्हा गुन्हेगाराचे नाव तात्या विंचू झाले, त्याच्या साथीदाराचे नाव कुबड्या खवीस झाले आणि बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हातात पडला.

नावांपासूनच अनौचित्य योजलेले आहे. 'तात्या' हे घरातल्या वडीलधाऱ्याचे संबोधन. त्याला 'विंचू' जोडला की आदर आणि दंश यांची गाठ पडते आणि हसू फुटते. दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेला हा गुन्हेगार आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला यांच्या संयोगातून जे पात्र निर्माण झाले, ते मराठी प्रेक्षकाला परके वाटले नाही, कारण बोलक्या बाहुल्याशी त्याची ओळख जुनी होती. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव त्याला ठाऊक होता. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तर त्याहून पुष्कळ जुनी. बाहुला बोलतो तेव्हा त्यामागे माणूस असतो, हे जाणूनही बाहुल्याशी संवाद करायचा, हा शब्दभ्रमाचा मूळ संकेत. 'झपाटलेला'ने त्या संकेताला फक्त एक पीळ दिला. येथे बाहुल्यामागे माणूस नाही, असे सांगितले आणि प्रेक्षकाने ते हसत हसत मान्य केले.

तात्या विंचूच्या लहानशा पावलांनी पुढे सरकण्यात यांत्रिक सफाई नाही. पण ती असती तर चित्रपटाचे नुकसानच झाले असते. २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला. तंत्र पुढे गेले होते. तरीही प्रेक्षकाच्या स्मरणात घर करून राहिला तो पहिलाच बाहुला. आभासाला आभास म्हणून मिरवू देणारे तंत्र हेच या प्रकाराचे योग्य तंत्र होय.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नारायण धारप यांच्या कथा-कादंबऱ्यांतील भय हे प्रतीतीचे भय आहे. तेथे ओसाड घराची वाट लेखक इतक्या संयमाने दाखवितो की, वाचकाला हसण्याची फट सापडत नाही. 'झपाटलेला' ही धारपांची फसलेली आवृत्ती नव्हे. संकासुराने ज्या अंगणात घुंगरू वाजविले, त्याच अंगणातले हे पात्र आहे.

६. हसणे कोणाला, आणि कोणाबरोबर

आता मूळ प्रश्नाच्या नाजूक भागाकडे वळावे लागते. टाकाऊ चित्रपटाला हसणारा प्रत्येक जण आस्वादकच असतो, असे म्हणता येणार नाही. एक हास्य असेही असते की, ते चित्रपट करणाऱ्याच्या गरिबीला हसते, तो घाबरून पाहणाऱ्या शेजाऱ्याला हसते आणि स्वतःच्या शहाणपणाची पाठ थोपटून घेते. हे हास्य रसाभासातून आलेले नसते. तुच्छतेतून आलेले असते. दोहोंना वेगळे करणाऱ्या तीन खुणा सांगता येतात.

पहिली खूण प्रयत्नाच्या जाणिवेची. ज्याला मुखवट्याची शिवण दिसते, त्याला ती शिवण घालणारा हातही दिसला पाहिजे. कोल्हापुरात ही दृष्टी दुर्मीळ असू नये. ज्या नगरीने चित्रपट रंगवणारे, सुतारकाम करणारे, वेषभूषा शिवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, तिला पडद्यामागचे कष्ट ठाऊक आहेत. दुसरी खूण पुनर्भेटीची. तुच्छता एकदा हसून निघून जाते. आस्वाद पुन्हा येतो, संवाद पाठ करतो, ठरलेल्या ठिकाणी ठरलेले हसू हसतो. तिसरी खूण सहवासाची. असा चित्रपट एकट्याने पाहिला तर कंटाळवाणा होतो. त्याला शेजारी लागतो.

या तिसऱ्या खुणेतूनच सणाचे महत्त्व उलगडते. पश्चिम महाराष्ट्रातील गावजत्रांत ट्रकवर प्रक्षेपणयंत्र लादून फिरणारा तंबूतला सिनेमा हा दीर्घकाळ जत्रेचाच एक भाग होता. २०१६ च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात या व्यवसायाचे मावळते दिवस टिपले आहेत. जत्रेच्या रात्री जमिनीवर दाटीने बसलेला प्रेक्षक पडद्याइतकाच परस्परांकडे पाहत असतो. पडद्यावर पिशाच्च आले की मागून कोणीतरी त्याला गावातल्याच एखाद्या नावाने हाक मारतो आणि तंबू हसतो. त्या हाकेने पिशाच्च गावाचे होते. येथे प्रेक्षक चित्रपटाची अपुरी बाजू स्वतः भरून काढतो. सर्व अंगांनी पूर्ण असलेली कलाकृती प्रेक्षकाला शांत बसवते. अपुरी कलाकृती त्याला कामाला लावते. सणाच्या रात्री माणसांना शांत बसायचे नसते.

७. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, वाईट भयपटाचा आनंद ही अभिरुचीची चूक नव्हे. भयाच्या आभासातून निर्माण होणारे ते हास्य आहे. त्याला शास्त्रात आधार आहे, लोकपरंपरेत पूर्वज आहेत आणि सणाच्या दिवसाचे निमित्त आहे. मात्र याचा अर्थ सर्व चित्रपट सारखेच, असा होत नाही. 'सैरंध्री'ची कारागिरी आणि सामरीची पेटी यांतील अंतर कमी होत नाही आणि ते कमी करण्याची गरजही नाही. ते अंतर नीट दिसते, म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी हसू येते. ज्याला चांगल्याची पारख नाही, त्याला वाईटातील गंमतही पूर्णपणे कळत नाही.

म्हणून जत्रेतून वर्गात आलेल्या विद्यार्थ्याने तंबूतला आनंद दाराबाहेर काढून ठेवण्याचे कारण नाही. रसाभासाचे उदाहरण शोधण्यासाठी त्याला दूर जावे लागणार नाही. ते त्याने लहानपणीच, गर्दीत बसून, चुरमुऱ्यांची पुडी हातात धरून पाहिलेले आहे. त्या वेळी तो का हसला, हे त्याला आता नेमक्या शब्दांत सांगता आले, तर साहित्यशास्त्राचा तास सार्थकी लागला असे समजावे.